अब्बांच्या वह्या आणि ४ जीबीची पट्टी

घरचा डेस्कटॉप बरेच दिवस रडतखडत चालला होता. दोन फाईल आणि ब्राउझर एकदम उघडले की मी टाईप केलेलं अक्षर पडद्यावर यायला वेळ घ्यायचं. भाचा म्हणाला, "मामू, रॅम वाढवा." बाजारातल्या एका छोट्या दुकानातून ४ जीबीची वापरलेली डीडीआर३ पट्टी आणली. डीडीआर४ चालली नसती. तिची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे ती जुन्या मदरबोर्डात बसतच नाही.

रविवारी दुपारी डबा उघडला, जुन्या पट्टीच्या शेजारी नवी दाबून बसवली आणि बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला आणि पडद्यावर आलं 'नो सिग्नल'. नवी पट्टी काढली. तरी तेच.

आता मात्र पोटात गोळा आला. नवी पट्टी खराब असती, तर ती काढल्यावर जुन्यावर तरी चालायला हवं होतं. म्हणजे तिनं मदरबोर्डच जाळला, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

त्या संगणकात अब्बांच्या वह्या होत्या. अब्बा प्राथमिक शिक्षक. निवृत्तीनंतर शाळा, खाडी, गावातली माणसं यांच्याबद्दल ते रोज थोडं लिहीत. ते गेल्यावर मी त्या वह्या टाईप करून घेतल्या. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं, तेव्हा कपाटातल्या वह्यांचा लगदा झाला. संगणक माडीवर होता म्हणून वाचला. तुम्ही म्हणाल, मग दुसरी प्रत का केली नाही? याला माझ्याकडे उत्तर नाही. उद्या करू, उद्या करू, एवढंच.

रागाच्या भरात दुकानदाराला फोन लावला. सडका माल गळ्यात मारलात, माझ्या बापाचं लिखाण गेलं, असं बरंच बोललो. तो शांतपणे म्हणाला, "चाचा, घेऊन या, बघतो." मी फोन ठेवून दिला.

रात्री भाच्याने आधी माझी एक समजूत दूर केली. "मामू, रॅममध्ये काही साठत नाही. वीज गेली की ती कोरी. नानांच्या वह्या हार्डडिस्कवर आहेत, तिला तुम्ही हातही लावलेला नाही." मदरबोर्ड गेला असला तरी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावता येते, हे मला त्या दिवशी कळलं.

मग त्याने एकेक करून सांगितलं. वायर काढा. पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. लोखंडी डब्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. दोन्ही पट्ट्या बाहेर काढा. एवढ्यानं नाही झालं, तर नाण्याएवढी बॅटरी काढून बायोसची सेटिंग पुसू.

जुनी पट्टी काढायला गेलो, तर तिचा एका बाजूचा खटका आधीच उघडा! नवी दाबताना माझाच अंगठा त्यावर पडला असणार. जुनी पट्टी एका टोकाला जेमतेम केसभर वर उचलली गेली होती. म्हणूनच नवी काढूनही संगणक उठत नव्हता.

सोनेरी दातांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवला, बारीक कचरा झटकला. आधी जुनी एकटी बसवली. दोन्ही खटके स्वतःहून 'टक' करून मिटले. संगणक सुरू झाला. बंद करून, वायर काढून नवी बसवली. पडद्यावर ८ जीबी दिसले, पण मी आधी वह्यांची फाईल उघडली. अम्मी मागे उभी होती. तिने पहिलं पान वाचून दाखवायला सांगितलं.

सोमवारी दुकानात गेलो. दुकानदाराने एवढंच विचारलं, "चालली का?" चूक माझी होती, तुम्हाला नाही ते बोललो, असं म्हणायला मला दोनदा घसा साफ करावा लागला. त्याच्याकडूनच दोन पेनड्राइव्ह घेतले. एक भाच्याकडे दिला, दुसरा अम्मीच्या कपाटात आहे, सगळ्यात वरच्या फळीवर. सगळ्या वह्यांची मिळून फाईल ३ एमबीसुद्धा भरली नाही.