पाठीखालची ऊब

साठी ओलांडलेली मंडळी हिमालयात ट्रेकला निघाली की आधी तब्येतीच्या दाखल्यासाठी माझ्याकडे येतात. रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख, गुडघे यांची चौकशी रीतसर होते. बुटांविषयी आणि जाकिटांविषयी तर तीच मला चार गोष्टी सांगतात. रात्री पाठीखाली काय अंथरणार, हे मात्र मला विचारावे लागते. त्यावर बहुधा एकच उत्तर मिळते : "डॉक्टर, स्लीपिंग बॅग चांगली जाड घेतली आहे."

स्लीपिंग बॅग काय किंवा रजई काय, स्वतः ऊब निर्माण करीत नाही. तिच्यात अडकलेली हवा आपल्याच अंगाची ऊब धरून ठेवते. आपण आडवे झालो की अंगाखालचा थर दाबला जातो, त्यातली हवा निघून जाते आणि पाठ व जमीन यांच्यामध्ये कापडाचे दोन पदर तेवढे उरतात. मग वरून कितीही पांघरले तरी थंड जमीन रात्रभर खालून उष्णता ओढत राहते. आपला मेंढपाळ घोंगडी जशी पांघरतो तशीच ती अंथरतोही, ते काही उगाच नव्हे.

तरुणपणी हे सोसून जाते. पुढे अंगावरचे स्नायू कमी होतात, म्हणजे उष्णता निर्माण करणारी भट्टीच लहान होते. थंडीत त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावून आतली ऊब राखतात, तेही वयानुसार मंदावते. कुडकुडणे उशिरा सुरू होते आणि थंडी वाजत असल्याची जाणीवच बोथट होते. मधुमेहाने पायांची संवेदना गेली असेल, थायरॉइड मंद असेल किंवा झोपेची गोळी चालू असेल, तर धोका आणखी वाढतो. अशा मंडळींबरोबर जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली उतरू लागले की माणूस अडखळत बोलतो, गोंधळतो, सुस्तावतो. "दमले आहेत, झोपू द्या" असे म्हणून सोडून देण्याची ही लक्षणे नव्हेत.

गेल्या वर्षी सहासष्ट वर्षांचे एक निवृत्त शिक्षक मुलासह दवाखान्यात आले. अंगकाठी सडपातळ, मधुमेह ताब्यात, चालणे उत्तम. उत्तराखंडातील हर की दून ही सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरची दरी त्यांना ऑक्टोबरात पाहायची होती. पत्नीच्या निधनानंतर त्यांनी आपण होऊन मागितलेली ती पहिलीच गोष्ट होती. मुलाचा विरोध होता. वडील आठ दिवस चालतील याबद्दल त्याला शंका नव्हती. भीती होती ती तंबूतल्या रात्रींची. भीती रास्त होती, पण तिच्यावरचा उपाय घरी बसवणे हा नव्हता. अडचण पैशांची होती. निवृत्तिवेतनातून प्रवासखर्च वजा जाता साहित्यासाठी फार थोडे उरत होते आणि त्यातला मोठा वाटा ते महागड्या स्लीपिंग बॅगेवर खर्च करणार होते. मी म्हटले, "सर, बॅग भाड्याने घ्या. स्वतःचे पैसे अंथरुणावर घाला."

अंथरूण निवडताना जाडीपेक्षा 'आर-व्हॅल्यू' पाहावी. उष्णता अडवण्याच्या क्षमतेचा हा आकडा. तो मोजण्याची एक समान पद्धत २०१८ साली ठरली, त्यामुळे ती पाळणाऱ्या कंपन्यांच्या आकड्यांची आता तुलना करता येते. साधारणपणे सह्याद्रीतल्या हिवाळी रात्रीला दोनच्या आसपासचा आकडा पुरतो, तापमान शून्याजवळ जाणार असेल तर तीन ते चार लागतो आणि बर्फावर पाचच्या पुढे. वृद्धांनी आणि कृश माणसांनी यात एकाची भर घालावी, असे माझे मत आहे. नुसत्या हवेने फुगणारी स्वस्त गादी चार बोटे जाड दिसते, पण आत उष्णतारोधक थर नसेल तर तिच्यातली हवा खेळत राहते आणि ऊब खाली पोहोचवते. तिच्यावर पाठ मऊ राहते खरी, पण गारठतेही. उष्णतारोधक थर असलेल्या परदेशी गाद्या हलक्या नि उत्तम असतात, पण त्यांच्या किमती दहा हजारांच्या पुढे जातात.

सुदैवाने या आकड्यांची बेरीज होते. दहा मिलिमीटर जाडीच्या, पाणी न शोषणाऱ्या फोमच्या मॅटची आर-व्हॅल्यू दीडच्या आसपास भरते. ती पाचशे ते हजार रुपयांत मिळते, काट्याने फुटत नाही आणि दुपारच्या विश्रांतीला बसायलाही उपयोगी पडते. अशा दोन एकावर एक घातल्या की तीन. ओझे कमी करायचे असेल तर दुसरी मॅट खांद्यापासून मांडीपर्यंतच कापून घ्यावी. पायांखाली रिकामी सॅक चालते.

ऊब अशी साधते, आराम मात्र साधतोच असे नाही. कुशीवर झोपणाऱ्याचे सारे वजन खांद्यावर आणि खुब्यावर येते. सडपातळ माणसाची हाडे फोमला दाबून जमिनीला टेकतात आणि पहाटे उठताना कंबर धरते. म्हणून सरांसाठी आम्ही असे ठरवले : खाली दोन फोम आणि वर साधी, स्वस्त हवेची गादी. पंक्चर झालीच तरी ऊब फोममध्ये शाबूत. गादी टणक फुगवू नये. कुशीवर निजल्यावर खुबा थोडा रुतावा, पण जमिनीला लागू नये. ती तोंडाने फुगवू नये, हे दम्याच्या रुग्णांना विशेषेकरून सांगतो. उंचीवर तेवढ्यानेही धाप लागते आणि श्वासातली ओल आत साचून बुरशी धरते. हवा भरण्याची पिशवी मिळते, ती घ्यावी.

मग तीन रात्री घरच्या गच्चीवर रंगीत तालीम. ती गादीची जेवढी, तेवढीच उठण्याची. या वयात रात्री लघवीला एकदा तरी उठावे लागते, थंडीत जास्तच. आधी कुशीवर वळावे, मग गुडघ्यांवर यावे, काठीचा आधार घ्यावा आणि उभे राहण्यापूर्वी मिनिटभर बसावे. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठल्यास भोवळ येऊ शकते. पहिल्या रात्री सर गुळगुळीत गादीवरून घसरून थेट टाक्यापाशी पोहोचले. दुसऱ्या रात्री फोम आणि गादी यांच्यामध्ये रबरी जाळी घातली. पायांशी गरम पाण्याची बाटली घ्यायची त्यांची कल्पना मी मोडून काढली. बधिर पावलांना चटका बसला तरी कळत नाही. त्याऐवजी लोकरीचे कोरडे मोजे, तेही फक्त झोपण्यासाठी वेगळे ठेवलेले.

सर जाऊन आले. सहापैकी एक रात्र वाऱ्यामुळे जागून काढली, बाकीच्या झोपेत गेल्या, असा त्यांचा हिशेब. मुलगा मधल्या गावापर्यंत सोबत गेला होता. तिथे मोबाइलला रेंज नसल्याने पुढचे चार दिवस त्याचीच झोप उडाली.

ट्रेकला कधीही न जाणाऱ्या वाचकांसाठीही एक सांगतो. रुग्णालयात आजाऱ्याच्या खाटेजवळ फरशीवर चादर टाकून रात्री काढणारे नातेवाईक मी कितीतरी वर्षे पाहतो आहे. बरेचदा ती पन्नाशीतली सून किंवा सत्तरीतली पत्नी असते. तिसऱ्या दिवशी तिची कंबर आखडलेली असते, आठव्या दिवशी खोकला लागलेला असतो. फरशीही अंगातली उष्णता ओढतेच. फोमची एक मॅट, तिच्यावर घडी घातलेली सोलापुरी चादर आणि कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये एक लहान उशी, एवढे घरून न्यावे. मॅट ओल्या फडक्याने पुसता येते आणि दिवसा गुंडाळून खाटेखाली मावते. घरी आणल्यावर साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. कडक उन्हात फोम ठिसूळ होतो.