रोहिणखेडची तिसरी लढाई

घाटपायथ्याच्या रोहिणखेडने इतिहासात दोन लढाया पाहिल्या : १४३७ ची आणि १५९० ची. तिसरी यंदा दिवाळीत आमच्या ओसरीवर जुंपली. मुलांना खोपोलीचे, २०१३ साली निघालेले 'इमॅजिका' हवे; आजीला शेगाव. माणसे सतरा, त्यांत कुरकुरणारे गुडघे आठ! शिवाय तिथल्या मोठ्या पाळण्यांना उंचीची अट. म्हणजे धाकटी रडणार. अखेर थोरल्या काकूंनी तह घडवला : आधी मलकापूरहून आगगाडीने शेगाव, गजाननमहाराजांचे दर्शन, खोपोली उन्हाळ्यात, धाकटी चार बोटे वाढल्यावर. मुले हिरमुसली. इतक्यात आजी हळूच म्हणाली, "तवा मलेही नेसान ना, पोराहो?"

ओसरी गप्प झाली. मग नातवाने खोपोलीची यादी काढली आणि पहिले नाव आजीचे लिहिले.