माळावर गाडी कुठे थांबवायची

केनियातलं मसाई मारा पाहून आलेली मंडळी माझ्याबरोबर कर्जतच्या माळावर आली की लगेच विचारतात, "इथे काय काय दिसतं?" काळवीट, चिंकारा, खोकड, नशीब असेल तर लांडगा, असं मी सांगतो. पण माझा हिशेब वेगळा आहे. आपण पाहत असताना जनावर आपलं काम करत राहिलं का? आपल्यामुळे त्याने चरणं सोडलं, वाट बदलली, पिल्लापासून लांब गेलं, तर ते दर्शन माझ्या लेखी वाया गेलं.

इथलं रेहेकुरी अभयारण्य १९८० साली काळविटांसाठी राखलं गेलं. क्षेत्र अवघं २.१७ चौरस किलोमीटर. मसाई मारा दीड हजार चौरस किलोमीटरचं. तरी दोन्हीकडचं वैभव एकच आहे, उघडं गवताळ रान. दाट जंगलातला वाघ रस्ता ओलांडण्यापुरता दिसतो. माळावर एका जागी शांत बसलात तर कळपातली नाती, भांडणं, पिल्लांचं संगोपन, सगळं डोळ्यांसमोर घडतं.

काळा नर एकटा उभा दिसला की मी आधी त्याच्या आसपासची जमीन पाहायला सांगतो. तिथे लेंड्यांचा पसरट ढीग असतो. पुन्हा पुन्हा तिथेच लेंड्या टाकून तो हद्द राखतो, डोळ्यांजवळच्या ग्रंथींचा स्राव काटक्यांना पुसतो. मादी हद्दीत आली की त्याचा रुबाब पाहावा! नाक आभाळाकडे, पिळदार शिंगं पाठीवर रेललेली, शेपटी वर वळलेली, आणि ठाशीव पावलं टाकत तो तिच्याभोवती फिरतो. मादीला आवडलं नाही तर ती सरळ पुढे निघून जाते. पलीकडे अजून तपकिरी असलेल्या तरुण नरांची टोळी शिंगाला शिंग लावून जोर करत असते. हे सगळं दिसतं ते गाडी लांब, इंजिन बंद आणि आवाज खाली असेल तरच. फोटोसाठी गाडी थोडी पुढे घेतली की मादी निघते, नर मान खाली घालतो आणि खेळ संपतो.

गाडीतून उतरू नका, हे मी म्हणतो त्यालाही कारण आहे. गाडीचा आकार कळपाच्या सवयीचा असतो. उभा माणूस दिसला की तो उधळतो. कळप आणि त्याची पळायची वाट यांच्यामध्ये गाडी घालायची नाही. गाडीवाट तर कधीच सोडायची नाही. टिटवी, धाविक, चंडोल उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि ती मातीत मिसळून जातात. काळविटाचं नवजात पाडसही गवतात निपचित पडून राहतं. चाकाखाली काय गेलं हे चालवणाऱ्याला कळतही नाही.

मसाई मारातल्या चित्त्याच्या माद्यांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पर्यटकांच्या गाड्यांची वर्दळ जास्त असलेल्या भागात माद्यांची फारच थोडी पिल्लं मोठी होऊ शकली, असं त्यात दिसलं. हे वाचल्यापासून मला आपल्या लांडग्याची काळजी जास्त वाटते. आपल्या माळावर शिकाऱ्याची ती जागा त्याची आहे. थंडीच्या दिवसांत मादी ओढ्याकाठच्या बिळात पिल्लं वाढवते. माणसांचा वावर वाढला की ती पिल्लांना तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि त्या हलवाहलवीत त्यांना कुत्र्यांचा धोका असतो. धनगरांना बीळ अनेकदा ठाऊक असतं, पण ते गावभर सांगत नाहीत. आपल्या मोबाइलवरून मात्र तीच जागा घटकाभरात शंभर जणांकडे पोचते.

दिवाळीनंतर याच दिवसांत तुम्ही माळावर याल. जरूर या. गाइडला लांडग्याचं बीळ दाखवायला सांगू नका, आणि त्याने स्वतःहून दाखवायची तयारी दाखवली तर गाडी मागे घ्यायला सांगा.