धार गेली की जोर येतो

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात, गेली 34 वर्षं मी ड्रिल मशीन, ग्राइंडर, कटर दुरुस्त करतोय. खंडेनवमीला पूजायचं मशीन बंद पडलेलं नको, म्हणून वर्षभर कुरकुरत चाललेली मशीनं तेव्हा एकदम येतात. ती जातात न जातात तोच दिवाळीची गर्दी. पडद्याचे रॉड, आकाशकंदिलाचे हूक, भिंतीवरचा टीव्ही असं काहीतरी प्रत्येक घरात लावायचं असतं.

यंदा फॅब्रिकेशनचं काम करणारा एक पोरगा आला. ‘मामा, आर्मेचर गेलं बघा. दोन महिनं झालं नाहीत. मशीनच बोगस हाय.’

मी म्हणालो, ‘मशीन राहू दे. आधी बिट दाखव.’

बिट 10 मिलिमीटरचा होता. टोक निळं-काळं पडलेलं, कडा बोटाला लागत नव्हत्या इतक्या गोल झालेल्या. मशीन उघडलं तर आर्मेचरची सगळी वायंडिंग एकसारखी तपकिरी झाली होती आणि जळक्या व्हार्निशचा वास येत होता. वायंडिंगमध्येच दोष असता तर बहुधा एखाद्याच जागी डाग पडला असता. इथं मशीन सगळीकडून भाजलं होतं.

त्याचं कारण समजून घ्यायला हवं. वायरच्या ड्रिलमधल्या मोटरचा वेग जितका खाली येतो, तितका ती जास्त करंट ओढते. तिला गार ठेवणारा पंखाही आर्मेचरच्याच दांड्यावर बसवलेला असतो. बोथट बिट लावून अंगाचा भार टाकला की मोटर मंदावते, आत उष्णता वाढते आणि नेमका तेव्हाच पंख्याचा वारा कमी होतो. मशीनचा आवाज खाली बसला की हात मागं घ्यावा. मशीन तापलं असेल तर लगेच बंद न करता एक-दोन मिनिटं मोकळं फिरवावं, म्हणजे पंखा आतली उष्णता बाहेर काढतो.

जोर लावल्यानं मशीन जळतं, तसाच हातही जातो. हे मी स्वतः भोगलंय. एकोणीस वर्षांचा होतो, एका वर्कशॉपमध्ये मदतनीस. अँगलला भोक पाडताना बिट चालेना म्हणून खांदा लावून रेटत होतो, आणि चालू राहावं म्हणून लॉकचं बटण दाबून ठेवलं होतं. बिट पलीकडं निघतानाच पत्र्याच्या कडेत अडकला. बिट थांबला आणि मशीन फिरलं. मनगट मुरगळलं, मूठ सुटली, तरी लॉकमुळं मशीन वायर गुंडाळत फिरतच राहिलं. कुणीतरी धावत जाऊन प्लग काढला. उजवं मनगट थंडीत अजून दुखतं.

पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखालचा खटका असलेल्या ड्रिलचं पेटंट अमेरिकेत ब्लॅक अँड डेकरला 1917 साली मिळालं. बोट उचललं की मशीन बंद, हे त्या खटक्याचं मोठं दान आहे. हातात धरून काम करताना लॉक लावणं म्हणजे ते दान परत करणं. माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो: बाजूचा दांडा लावा, भोक पलीकडं निघायच्या वेळी दाब सैल करा, आणि लहान तुकडा हातात न धरता शिकंज्यात किंवा क्लॅम्पमध्ये आवळा. कापडी हातमोजे घालू नका, बिटानं एक धागा पकडला तरी तो बोट ओढून नेतो. पदर, ओढणी, लांब बाही, गळ्यातली साखळी, सगळं आवरून घ्या. डोळ्यांवर चष्मा हवाच. चकची किल्ली मी वायरला प्लगजवळ बांधून देतो. बिट बदलायचा तर प्लग काढून किल्ली हातात घ्यावी लागते, म्हणून.

घरातल्या भिंतीचं गणित वेगळं असतं. साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दात असलेल्या दोन चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि हलके पण भराभर ठोके देतात. विटेला तेवढं पुरतं. बीम, कॉलम, स्लॅब आला की लोक हेच मशीन घेऊन लोंबकळतात. तिथं रोटरी हॅमर लागतो. त्याच्यात पिस्टन हवा दाबून ठोका मारतो, आपण नुसतं धरून ठेवायचं. काँक्रीटमध्ये बिट अचानक थांबला तर सळई लागली समजा आणि भोक सरकवा. सळई कापायची नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि गिझरच्या नळाच्या रेषेत भोक पाडू नका, आत वायरचा किंवा पाण्याचा पाइप असण्याची शक्यता फार. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर जीव वाचायची संधी मिळते. धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नका. काँक्रीटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते, ती निघत नाही.

देखभाल म्हणाल तर कार्बन ब्रशवर लक्ष ठेवा. पाच-सहा मिलिमीटर उरले की दोन्ही एकदम बदलायचे आणि पाच-दहा मिनिटं मशीन मोकळं फिरवायचं, म्हणजे ते कम्युटेटरवर नीट बसतात. बारीक निळसर ठिणगी चालते. नारिंगी कडं दिसलं तर थांबा. छताला भोकं पाडून झाल्यावर जाळीतली धूळ कोरड्या हवेनं उडवा. आणि खंडेनवमीला हळद-कुंकू गिअरच्या डोक्यावर लावा, जाळीवर नको.

पोराला नवं आर्मेचर बसवून दिलं. मशीन हातात द्यायच्या आधी त्याला ग्राइंडरपुढं उभं केलं. टोकाचा कोन 118 अंश, दोन्ही ओठ सारख्या लांबीचे, मागची बाजू किंचित उतरती. ओठ लहान-मोठे झाले तर भोक बिटापेक्षा मोठं पडतं. पहिल्यांदा त्यानं टोक जाळलं, दुसऱ्यांदा एक ओठ लांब राहिला. तिसऱ्यांदा पत्र्यावर पंच मारला, तेलाचा थेंब टाकला आणि नुसता हात ठेवला. दोन्ही खाचांतून सारख्या जाडीची दोन लांब वेटोळी वर आली. गार झाल्यावर त्यानं ती कागदात गुंडाळली आणि खिशात घातली.