उजळणी हाही स्वाध्याय

वैद्यकीय शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी विद्यार्थ्यासमोर तीन विषय एकदम उभे राहतात. रोगाने शरीरात काय बदल होतात हे सांगणारे विकृतिशास्त्र, रोगकारक जंतूंची ओळख करून देणारे सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषध शरीरात कसे काम करते हे शिकवणारे औषधशास्त्र. तिन्हींत नावांचा साठा इतका मोठा, की परीक्षा जवळ येताच सारा प्रश्न केवळ पाठांतराचा वाटू लागतो.

औषधविक्रेत्याच्या घरातील एक मुलगी सध्या याच वर्षाला आहे. सुट्टीत दुकानात बसत आल्यामुळे औषधांची नावे तिला शाळेपासून ठाऊक. साहजिकच औषधशास्त्र हिला सोपे जाणार, अशी घरच्यांची समजूत होती. घडले उलटेच. नाव ओळखीचे, म्हणून औषधही कळले, असा भास तिला होत राहिला. महाविद्यालयातील पहिल्या चाचणीत औषधांची नावे बरोबर आली आणि ती का द्यायची, तिथे लेखणी थांबली. हुशार म्हणून नावाजलेल्या मुलीला हा धक्का मोठा होता.

तिच्या आजीचा तत्त्वार्थसूत्राचा पाठ नित्याचा आहे. सर्व अध्याय मुखोद्गत असूनही आजी रोज म्हणते. "पाठ आहे, मग पुन्हा कशाला?" असे नातीने विचारले, तेव्हा आजी म्हणाली, "पाठ आहे म्हणून तर अर्थाकडे लक्ष देता येतं, बाळ." स्वाध्यायाचे पाच प्रकार याच ग्रंथात सांगितले आहेत. त्यांत आम्नाय, म्हणजे शुद्ध पुनरुच्चार, आहे. पण त्याच्याबरोबर शंका विचारणारी पृच्छना आणि चिंतन करणारी अनुप्रेक्षाही आहे. नातीच्या उजळणीत आम्नाय भरपूर होता, अनुप्रेक्षा नव्हती.

तिने मग एकच रोग घेतला, क्षय. या जंतूचा शोध रॉबर्ट कॉक यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जाहीर केला, एवढे तर तिला पाठच होते. तिन्ही विषयांच्या वह्या तिने शेजारी शेजारी उघडल्या. सूक्ष्मजीवशास्त्रात लिहिले होते, की या जंतूला एकदा लाल रंग चढला की आम्लाने धुतले तरी उतरत नाही. कारण त्याच्या भिंतीतील मायकोलिक आम्लाचा मेणकट थर. औषधशास्त्राच्या वहीत आयसोनियाझिड हेच मायकोलिक आम्ल तयार होऊ देत नाही, अशी नोंद होती. विकृतिशास्त्रात क्षयाच्या गाठीचे वर्णन होते: भोवती रक्षक पेशींचे कडे आणि मध्ये पनीरासारखा मऊ, मृत भाग. वेगवेगळ्या दिवशी पाठ केलेल्या तीन गोष्टी एकाच जंतूच्या निघाल्या. कीर्दीत विखुरलेल्या नोंदी खतावणीत एका खात्यावर आल्या, की व्यवहार कळतो. तसेच हे झाले.

एका कारणातून दुसरे उलगडत गेले. अनेक जंतू अनुकूल स्थितीत अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी पंधरा-वीस तास लागतात. काही जंतू तर गाठींत जवळजवळ निद्रिस्त पडून असतात. म्हणून नेहमीच्या क्षयाचा उपचारही सहा महिन्यांचा. एकाच औषधाला दाद न देणारे थोडे जंतू आधीच असू शकतात, म्हणून औषधे एकत्र द्यायची. खोकला काही आठवड्यांत थांबतो, वजन वाढते. जंतू मात्र संपलेले नसतात.

इथे तिला वडिलांचे दुकान आठवले. "आता बरं वाटतंय, पुढच्या गोळ्या नकोत," असे म्हणून परत गेलेली माणसे तिने पाहिली होती. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी झाली म्हणून घाबरून औषध सोडणारेही असतात. क्षयाची औषधे १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच१ मध्ये आहेत. डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेली संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. वडील ती चोख लिहीत. पण रुग्णाशी बोलायला हवे, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नव्हते.

त्या रात्री तिने वडिलांना फोन करून सारे समजावले. हातापायांना मुंग्या आल्या, तर तो आयसोनियाझिडचा परिणाम असू शकतो, त्यावर ब-६ जीवनसत्त्व देतात. एथॅम्ब्युटॉल घेताना लाल-हिरवा रंग ओळखण्यात फरक पडला, तर ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवायचे. औषध मनाने थांबवू द्यायचे नाही. वडिलांनी मध्येच दोन शंका विचारल्या. एकीचे उत्तर तिला आले नाही. ते तिने पुस्तकात शोधून सकाळी सांगितले. तेवढा भाग तिला पुन्हा पाठ करावा लागला नाही.

आता वडील गोळ्यांची पाकिटे देताना दोन वाक्ये अधिक बोलतात. वेळ लागतो, मागचे गिऱ्हाईक कधी कुरकुरते. तरी त्यांनी ते सोडलेले नाही. आभ्यंतर तपाच्या सहा प्रकारांत वैयावृत्त्य आणि स्वाध्याय ही नावे लागोपाठ येतात. आजीने ती नातीला लहानपणीच पाठ करून दिली होती; सेवा आणि अध्ययन अशी शेजारी का बसवली असतील, याचा विचार नात परीक्षेच्या या दिवसांत प्रथमच करते आहे.