काळी मखमल

धुळ्यास आप्तांकडील लग्न. सायंकाळच्या स्वागतसमारंभासाठीं आमच्या नातीनें जळगांवच्या बाजारांतून काळ्या मखमलीचा पायघोळ झगा आणिला. “शुभकार्यांत काळें कशाला?” म्हणून सूनबाईंनीं नाक मुरडलें, आणि निवाडा आमच्याकडे आला.

आम्ही जन्मभर संस्कृत शिकविलें. वस्त्रपरीक्षा हा आमचा प्रांत नव्हे. आम्ही पेटींतून कैलासवासी कुटुंबाची काळी चंद्रकळा काढिली. संक्रांतीस हीच नेसून ती सुवासिनींस तिळगूळ देत असे. थंडींत काळा रंग ऊन शोषून ऊब देतो, म्हणून त्या सणास तो चालतो. मग रंगाचा दोष तो काय?

आम्ही ठरविलें : सकाळीं अक्षतांस काठापदराची साडी, सायंकाळीं झगा. मखमलीची लव प्रकाश गिळते, म्हणूनच तिचा काळेपणा गहिरा दिसतो. तीवर दागिन्यांची गर्दी नको, आजीची एकपदरी मोत्यांची माळ पुरे. इस्त्री दाबूं नये, लव चेपते. उलट बाजूनें वाफ द्यावी.

सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. परंतु निघतांना मुलीच्या पाठीवरील विस्कटलेली लव त्यांनींच हळुवार हातानें सारखी केली.