पहिला पाव तास

रात्रीची जेवणे आटोपली, देवापुढचे निरांजन शांत झाले आणि उद्याच्या दाव्याचे कागद चाळून झाले, की माझ्या हातून एक अपराध वरचेवर घडतो. अनेकदा पाहिलेली एक जुनी अमेरिकन गुन्हेगारी मालिका मी पुन्हा लावून बसतो. पत्नी स्वयंपाकघरातून विचारते, "खून कुणी केला ते अजून सापडले नाही का तुम्हाला?" मी म्हणतो, "ते तर पहिल्या पाव तासातच सापडले." हे उत्तर तिला थट्टेचे वाटते, पण ते अक्षरशः खरे आहे.

मालिकेचे नाव 'कोलंबो'. तारवावर नोकरी करणाऱ्या एका अशिलाने माझ्या वकिलीच्या पहिल्या वर्षांत फीच्या जोडीला म्हणून तिच्या तबकड्यांचा एक संच मला आणून दिला. वेष्टनावरचे नाव वाचून दाखविताच आईला वाटले, की श्रीलंकेतल्या त्या नावाच्या शहराची काही माहिती असावी. वास्तविक हे लॉस एंजलिसच्या पोलीस दलातील एका इटालियन वंशाच्या लेफ्टनंटचे आडनाव. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या दोघा लेखकमित्रांनी हे पात्र निर्मिले आणि पीटर फॉक या नटाने त्यात प्राण ओतले. फॉकचा कोलंबो पडद्यावर प्रथम आला तो १९६८ साली. १९७१ पासून त्याची नियमित मालिका सुरू झाली आणि मध्ये बराच खंड पडूनही शेवटचा भाग २००३ साली दाखविला गेला. फॉक २०११ साली निवर्तला.

अंगात चुरगळलेला रेनकोट, तोंडात चिरूट, दारात उभी खटारा प्यूजो गाडी आणि ओठांवर सदैव पत्नीच्या गोष्टी, असा हा माणूस. ती पत्नी मात्र कधी दिसत नाही. श्रीमंत, विद्वान, प्रतिष्ठित अशा संशयितापुढे तो इतका बावळट भासतो, की समोरच्याला त्याची कीव यावी. निरोप घेऊन तो दारापर्यंत जातो आणि काही आठवल्यासारखे करून परत फिरतो. एक बारीकसा प्रश्न राहिलाच म्हणतो. उलटतपासणी संपवून खाली बसता बसता पुन्हा उठणारे काही वकील मी पाहिले आहेत. साक्षीदाराने सुटकेचा निःश्वास टाकलेला असतो आणि नेमक्या त्याच क्षणी तो सापडतो. ही विद्या मी काही अंशी ज्येष्ठांकडून शिकलो, काही अंशी या रेनकोटवाल्याकडून.

या मालिकेची रीत अशी, की बहुतेक भागांत खून कोणी, कसा आणि कशासाठी केला हे आरंभीच प्रेक्षकांना दाखवून टाकतात. कोलंबो येतो तो त्यानंतर. मग पाहायचे उरले काय, असे कोणी विचारील. हा प्रश्न देवळाच्या सावलीत वाढलेल्या माणसाला पडू नये. आमच्याकडे जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक होई. संकासुर येणार, वेद पळविणार आणि विष्णूच्या हातून मरणार हे पुढच्या रांगेत पेंगणाऱ्या पोरांनाही ठाऊक असे. म्हणून का कोणी उठून घरी जाई? काय घडणार हे माहीत असल्यावरच ते कसे घडते याच्याकडे डोळे लागतात.

वकील म्हणून मला या मालिकेची गोडी लागली ती याच कारणाने. ठाऊक असणे वेगळे आणि शाबीत होणे वेगळे, या दोहोंमधील अंतर हाच तिचा विषय आहे आणि त्या अंतरावरच आमचे पोट चालते.

'निगेटिव्ह रिअ‍ॅक्शन' हा १९७४ सालचा भाग मी माझ्या हाताखालच्या दोन उमेदवार वकिलांना मुद्दाम दाखविला. एक नामांकित छायाचित्रकार पत्नीचा खून करतो आणि तिला कोणी पळवून नेल्याचा देखावा उभा करतो. शेवटी पोलीस कचेरीत, फळीवर ओळीने मांडलेल्या अनेक कॅमेऱ्यांतून, ज्याने तिचा फोटो घेतला गेला तोच कॅमेरा तो स्वतःच्या हाताने उचलून देतो. आपले निर्दोषित्व सिद्ध करण्याच्या घाईत तो विसरतो, की तो कॅमेरा नेमका कोणता हे खुन्यावाचून कोणाला सांगता येणार नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, असे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचे २५ वे कलम सांगत असे. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी त्याच्या २३ व्या कलमात तो दंडक कायम आहे. पण या छायाचित्रकाराने कबुली मुळी दिलीच नाही. त्याच्या हाताने साक्ष दिली.

'एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म' या १९७३ सालच्या भागाची गोष्ट निराळी. एड्रियन कार्सिनी हा द्राक्षमद्याचा श्रेष्ठ जाणकार. आयुष्य ओतून उभा केलेला मद्याचा कारखाना सावत्र भाऊ विकून टाकणार म्हणून तो त्याला मारतो. मारतो म्हणजे काय, तर बेशुद्ध भावाला मद्याच्या तळघरात कोंडतो, तेथील हवेचे यंत्र बंद करतो आणि दूर न्यूयॉर्कला निघून जातो. त्या दिवसांत शहरात कडक उन्हाळा पडतो आणि तळघरातला सारा अमोल साठा उष्णतेने नासतो. पुढे कोलंबो त्यालाच जेवायला बोलावतो आणि त्याच्याच तळघरातली बाटली त्याच्यापुढे येईल अशी योजना करतो. पहिल्याच घोटाला कार्सिनी संतापतो, की हे मद्य उष्णतेने बिघडले आहे! इतकी सूक्ष्म चव दुसऱ्या कोणाच्याही जिभेला कळली नसती. जन्मभर ज्या जाणिवेचा अभिमान बाळगला तीच त्याच्याविरुद्ध उभी राहिली. मी त्याचा वकील असतो तर एका जिभेच्या पुराव्यावर त्याला शिक्षा होऊ दिली नसती. पण कार्सिनी भांडत नाही. नासलेल्या बाटल्या तो आपल्या हातांनी समुद्रात भिरकावतो. शेवटी तो आणि कोलंबो गाडीत बसून एक एक पेला घेतात, ते एका रसिकाने दुसऱ्याला निरोप द्यावा तसे.

आता ज्या भागामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतो; पण त्यापूर्वी आमच्या गावातली एक हकिकत सांगितली पाहिजे.

मी बारा वर्षांचा होतो. वडील तेव्हा आमच्या देवस्थानचे मुखत्यार होते. जत्रा पार पडली आणि दुसऱ्या दिवशी भांड्यांची मोजदाद करताना चांदीची पंचारत कमी भरली. देवळातल्या समया आणि दिवे चिंचेने घासून लख्ख करणारा एक सेवेकरी होता. तरुणपणी तो एकदा कोणाच्या कुळागरातून सुपाऱ्यांचे दोन घड नेताना सापडला होता. गावाला एवढे पुरे झाले. पोलिसांत वर्दी गेली नाही. देवळाचे नाव नको म्हणून. चौकशीही झाली नाही. त्याला फक्त सांगण्यात आले, की उद्यापासून येऊ नकोस. तो अग्रशाळेच्या पायरीशी क्षणभर उभा राहिला आणि हातातली चिंच तेथेच ठेवून निघून गेला. त्याच्या मुलाशी आम्ही खेळत असू. ते खेळणेही त्या दिवसापासून थांबले, आणि थांबविणाऱ्यांत मी होतो.

तीन वर्षांनी नवी समिती आली आणि सारे पेटारे उघडून यादी करण्यात आली. पालखीच्या जुन्या वस्त्रांच्या घडीत पंचारत निघाली. जत्रेच्या रात्रीच्या घाईत कोणीतरी ती गुंडाळून ठेवली होती आणि ठेवणारा विसरला होता. वडील त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेले. मी बरोबर होतो. वडिलांनी अंगणात उभे राहूनच सर्व सांगितले. तो ऐकत राहिला, आणि म्हणाला, "आतां कित्याक तें, बाब? पंचारत मेळ्ळी न्ही, जालें." त्याला पुन्हा सेवेला बोलाविले, तो आला नाही. परत येताना वडील वाटेत एवढेच बोलले, "कुणीही पाहिले नव्हते. पण आम्ही सगळे पाहिल्यासारखे वागलो."

'अ फ्रेंड इन डीड' हा १९७४ सालचा भाग मी प्रथम पाहिला तेव्हा मला ते वाक्य आठवले. या भागातला गुन्हेगार प्रत्यक्ष कोलंबोचा वरिष्ठ, पोलीस उपआयुक्त हॅल्परिन. शेजाऱ्याच्या हातून रागाच्या भरात पत्नी मरते. उपआयुक्त त्याला वाचवितो आणि घरफोड्या चोराने मारले असा देखावा रचून देतो. मग त्या उपकाराची किंमत वसूल करतो. स्वतःच्या श्रीमंत पत्नीला न्हाणीघरातल्या टबात बुडवून मारतो आणि शेजाऱ्याच्या मदतीने ते प्रेत पोहण्याच्या तलावात पोहोचविले जाते. हाही त्याच चोराचा खून ठरावा, हा बेत. शवचिकित्सेत फुप्फुसात साबणाचे पाणी निघते आणि कोलंबोच्या मनात पाल चुकचुकते. वरिष्ठाचा हुकूम मात्र स्पष्ट असतो, की दप्तरात नोंद असलेल्या घरफोड्यांना धरा. अशांपैकी एक आर्टी जेसप. त्याच्या नावावर आधीच डाग आहे. आणखी एक चढला तर कोण विचारतो?

कोलंबो विचारतो. तो जेसपला जाऊन भेटतो, त्याच्याशी बोलतो, इतकेच नव्हे तर सापळा रचण्यासाठी त्याचीच मदत घेतो. उपआयुक्त दप्तरातला जेसपचा पत्ता वाचतो, चोरीचे दागिने त्या खोलीत लपवितो आणि दिमाखाने झडती घ्यायला येतो. दागिने सापडतात. तेव्हा कोलंबो शांतपणे सांगतो, की ही खोली जेसपची नव्हे, ती मी नुकतीच भाड्याने घेतली आहे आणि दप्तरातला तो पत्ताही मीच बदलून ठेवला होता. ते कागद वाचणाऱ्यावाचून येथे दागिने कोण ठेवणार?

हा भाग कितीही वेळा पाहिला तरी त्या खोलीतली स्तब्धता मला सोसत नाही. हॅल्परिनचा सारा भरवसा आपल्यासारख्या सज्जनांवर होता. कोणावर बोट दाखविले असता लोक प्रश्न विचारणार नाहीत, हे त्याला पक्के ठाऊक होते. आमच्या गावाने तर कोणी बोट दाखविण्याचीही वाट पाहिली नाही.

या मालिकेत आरंभीचा तो पाव तास आपल्याला पाहायला मिळतो. आपण घटनास्थळी असतो. पण कोलंबोने तो पाव तास पाहिलेला नसतो, ही गोष्ट आपण विसरतो. त्याच्यापाशी केवळ संशय असतो आणि त्या संशयाला पुराव्याचे रूप येईपर्यंत त्याला खेटे घालावे लागतात, अपमान गिळावे लागतात, एकच प्रश्न दहा वेळा विचारावा लागतो. आपली खात्री ही फुकटची असते; त्याची कमावलेली असते. न्यायालयाबाहेरच्या आयुष्यात तो पाव तास कोणालाच दाखविला जात नाही. तरीही देवळाच्या पायऱ्यांवर, लग्नाच्या मांडवात, तिठ्यावर आपण रोज निकाल देत असतो, आणि तो पाहिल्याच्या थाटात देत असतो. माझ्याकडे येणाऱ्या अशिलांपैकी निम्मे तरी म्हणतात, "वकीलसाहेब, सगळ्या गावाला माहीत आहे!" हे वाक्य ऐकले, की मला अग्रशाळेच्या पायरीवर ठेवलेली चिंच दिसते.

शेवटी एका भागाविषयी लिहितो, ज्याचे समर्थन वकील म्हणून मला करता येत नाही. 'फॉरगॉटन लेडी', १९७५. ग्रेस व्हीलर ही एके काळची गाजलेली नटी रंगभूमीवर परतू पाहते. वृद्ध डॉक्टर पती त्यासाठी पैसे द्यायला नकार देतो आणि ती त्याला मारते. पुढे कळते, की तिच्या मेंदूला असाध्य रोग जडला आहे. पतीला तो माहीत होता आणि म्हणूनच त्याने नकार दिला. आता तिच्या आयुष्याचे थोडेच दिवस उरले आहेत आणि स्मृती इतकी ढासळली आहे, की आपण खून केला हेच तिला आठवत नाही. कोलंबोने सर्व उलगडले आहे. तेव्हा तिचा जुना सहनट पुढे होतो आणि खून आपण केल्याचे सांगतो. कोलंबो जाणतो, की ही कबुली टिकणारी नाही. पण ती मोडून पडायला काही महिने तरी लागतील. तो ती मान्य करतो. आत ती बाई स्वतःचाच जुना चित्रपट पाहत हसत असते. पोलीस अधिकाऱ्याने खोटी कबुली जाणूनबुजून स्वीकारावी, याला कर्तव्यच्युती म्हणतात. मी हा भाग सर्वांत अधिक वेळा पाहिला आहे.

वडिलांची शेवटची दोन वर्षे अशीच विस्मरणात गेली. नातवंडांची नावे गेली, समितीवरची वर्षे गेली, पंचारतीची हकिकतही गेली. सांज झाली, की ते सोप्यावर येऊन बसत आणि देवळाच्या दिशेने पाहत. मग त्या सेवेकऱ्याचे नाव घेऊन मला विचारीत, "दिवे घासायला आला का रे तो?" तो कधीच वारला होता. शपथेवर सत्य सांगण्याचा आग्रह धरणे हा माझा व्यवसाय. मी म्हणत असे, "हो बाबा, आला आहे." त्यांना बरे वाटे.